दहा नारळ, ५७ फूट आणि औंधचा एक दगड: मूर्त आणि अमूर्त विचार

नमस्कार मंडळी. एक नारळ पस्तीसला. दहा नारळांचे किती झाले?

पस्तीसपुढे शून्य ठेवलंत ना? ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलानं तसं केलं नाही. तो म्हणाला, तीन नारळांचे एकशे पाच. अजून तीन, दोनशे दहा. अजून चार पाहिजेत... तीनशे पंधरा... तीनशे पन्नास.

मानसशास्त्रज्ञ तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं पाचच होती, पण निकालानं शिक्षणाच्या जगात खळबळ उडाली. गिऱ्हाईक समोर असताना ही मुलं ९८ टक्के हिशेब बरोबर करत होती. नंतर त्याच आकड्यांची गणितं नुसती आकडेमोड म्हणून दिली, तर ३७ टक्केच बरोबर आली.

हे ऐकल्यावर आपण लगेच म्हणतो, बघा, व्यवहारातलं ज्ञान खरं, शाळेतलं पोकळ. मला हे पटत नाही. त्या पोराचा हिशेब नीट बघा. दहाचे तीन, तीन, तीन आणि एक असे तुकडे करायचे, प्रत्येकाची किंमत काढायची आणि बेरीज करायची, हा गुणाकाराचा नियमच आहे. नियमाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, नियम मात्र हातात होता. म्हणजे तोही अमूर्त विचारच करत होता, समोरच्या वस्तूपलीकडच्या नियमाचा विचार; फक्त नारळासारखी मूर्त, हाताला लागणारी वस्तू धरून.

आणि उलटी बाजूही आहे. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्याकडच्या, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा अभ्यास आला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेबात पक्की, पण पुस्तकी गणितात अडत होती. बाजारात काम न करणारी, नुसती शाळेत जाणारी मुलं पुस्तकातली साधी गणितं सोडवत होती, पण बाजाराचा हिशेब त्यांच्यातल्या फार थोड्यांना जमला. इकडचं तिकडे जात नव्हतं, तिकडचं इकडे येत नव्हतं. मला यातली खरी अडचण इथेच दिसते. मूर्त चांगलं की अमूर्त, यावर आपण भांडत बसतो आणि मधला रस्ता कुणी बांधतच नाही.

(पडद्यावर: १/२ + १/३ = २/५)

हे उत्तर पाचवी-सहावीच्या वह्यांत सर्रास सापडतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आता ताटात अर्धी भाकरी ठेवा. तिच्याशेजारी एक तृतीयांश भाकरी ठेवा. सगळं मिळून अर्ध्या भाकरीपेक्षा कमी होईल का? दोन पंचमांश तर अर्ध्याहून लहान आहे! पोर स्वतःच म्हणतं, सर, हे चुकलंय. पण बरोबर उत्तर काय, ते भाकरी सांगत नाही. त्यासाठी दोन्ही तुकडे एकाच मापात बसवावे लागतात. सहा सारखे भाग कल्पावे लागतात. अर्धी म्हणजे तीन भाग, तृतीयांश म्हणजे दोन भाग, एकूण पाच षष्ठांश. चूक भाकरीनं दाखवली, उत्तर कल्पनेनं दिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता: आधी हातानं करणं, मग चित्र, मग चिन्ह. माझी त्यात एवढीच भर की चिन्हापर्यंत पोचलेल्या मुलाला परत ताटापर्यंतही आणावं. ‘पाच षष्ठांश’वर तुझ्या घरातलं एक उदाहरण तयार कर, असं सांगितलं की कुणाला कळलंय आणि कुणी पाठ केलंय ते लगेच समजतं.

आता आपल्या सांगलीकडे येऊ. इथं हा विषय जिवावर बेतलेला आहे.

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की पहिला प्रश्न, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. फूट हा एका पुलावर मोजलेला आकडा. तो तुमच्या दारात दिसत नाही. पण सूर्यवंशी प्लॉटमधल्या, दत्तनगरमधल्या माणसाला तो ऐकताच कळतं की आता सामान माळ्यावर टाकायचं, गाडी वर न्यायची. किती फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं ते त्याला पाठ असतं; त्याच्यासाठी प्रत्येक फुटाला एक गल्ली आहे. आणि त्याच्याच शेजारी नवीन भाड्यानं आलेलं कुटुंब तोच आकडा ऐकून स्वस्थ बसतं. आकडा दोघांना मिळाला, गल्ली एकालाच.

क्युसेकचंही तसंच. बातमीत येतं, धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग. किती पाणी ते? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे २८० टँकर, दर सेकंदाला. माण-खटावमध्ये एका टँकरची वाट बघणारं गाव डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा परत वाचा.

पण आता दुसरी बाजू, आणि ही फार महत्त्वाची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. अनेक घरांतली माणसं हलली नाहीत, कारण २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘तेव्हा या पायरीपर्यंत आलं, त्याच्यावर येत नाही.’ पायरी खरी होती, आठवणही खरी होती. पाणी २००५ च्याही वर गेलं. कधीच न पाहिलेल्या पाण्याचा विचार करायचा, तर पायरी सोडून आकड्याकडेच जावं लागतं. अमूर्त विचार माणसाला यासाठी लागतो, आणि म्हणून तो फक्त विद्वानांपुरता ठेवून चालणार नाही.

भाषेतही हेच घडतं. अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये मध्य आशियातल्या शेतकऱ्यांकडे गेले. त्यांनी विचारलं: दूर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या त्या मुलखात आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकऱ्यांची उत्तरं साधारण अशी होती की, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही, तिथं जाऊन आलेल्या माणसाला विचारा. थोडं शिकलेले लोक मात्र पटकन ‘पांढरी’ म्हणाले. काही जण यावरून त्या शेतकऱ्यांना मागासलेलं ठरवतात. मला त्यांच्या उत्तरात प्रामाणिकपणा दिसतो. न पाहिलेल्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. फक्त पुराच्या रात्री तो नियम पुरत नाही.

आणि आपल्या आज्या काय कमी अमूर्त बोलतात? ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ हे आजी नातवाच्या मार्कांबद्दल म्हणते, कारखान्याच्या थकलेल्या बिलाबद्दल म्हणते. तिथं आड नाही, पोहराही नाही. एका प्रसंगातला संबंध तेवढा उचलायचा आणि दुसऱ्या प्रसंगावर ठेवायचा, याला फार तयार डोकं लागतं.

आता कला. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय आहे. तिथं राजा रविवर्मांची चित्रं आहेत. वस्त्राची घडी, दागिन्याची चमक, डोळ्यांतली भीती, सगळं समोर. आणि त्याच संग्रहात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! मला याचा फार अभिमान वाटतो.

रविवर्मांपुढे गर्दी थांबते, मूरपुढे लोक म्हणतात, काही कळत नाही बुवा. पण हीच माणसं शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला हात जोडतात. शेंदूर फासलेला दगड. ना नाक, ना कान. तिथं कुणी विचारत नाही की हा कुणासारखा दिसतो. घडीव रूपाशिवाय अर्थ बघायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती संग्रहालयाच्या दारात आपण चपलांबरोबर काढून ठेवतो.

मूरनं आई-मूल हा विषय आयुष्यभर हाताळला. म्हणून त्या शिल्पापुढे ‘हे काय आहे’ असं विचारू नका. यातून काय काय काढून टाकलंय ते शोधा. दागिने नाहीत, साडी नाही, गाव नाही, जात नाही. मग काय उरलंय? आईचा भार कुठं आहे, मुलाचा कुठं टेकलाय? एका बाजूनं बघा, मग दुसऱ्या बाजूनं. त्यानंतर परत रविवर्मांच्या चित्राकडे जा आणि त्यातून साडी, दागिने मनातल्या मनात काढून बघा. मान कुठं झुकलीय, हात कुठं आहे, तेवढंच ठेवा. बरोबर मुलं असतील तर कागद-पेन्सिल द्या आणि दोन्हींचं पाच-पाच रेघांत चित्र काढायला सांगा. कोणत्या पाच रेघा ठेवायच्या, यावर त्यांचं भांडण होईल. ते होऊ द्या, मधे पडू नका.