चित्रपटाचा अभ्यास आणि खानदेशातली दप्तरे

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीनंतर एखाद्या मुलीने ‘मला चित्रपटाचा अभ्यास करायचा आहे’ असे घरी सांगितले, तर आपल्याकडे लोक एक तर तिला नटी व्हायचे आहे असे धरून चालतात, नाहीतर कॅमेरा कितीला पडेल याचा हिशोब मांडू लागतात. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांचा इतिहास व समीक्षा हा विषय या दोन्हींहून वेगळा आहे. एखादी कलाकृती कोणाच्या पैशावर उभी राहिली, ती कोणी, कुठे पाहिली आणि तिच्यात जे दिसते ते कशामुळे तसे दिसते, याची पुराव्यानिशी केलेली चौकशी म्हणजे हा विषय. पुण्यात १९६० मध्ये चित्रपट संस्था आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ पासून या विषयासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र तो पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरताच येतो.

समीक्षेला आरंभ करावा तो वर्णनाने. मत मागाहून येते. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये मूल आजारी पडल्यावर आवली हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. हा प्रसंग वर्गात आधी आवाज बंद करून पाहावा. शॉट कुठे तुटतो, कॅमेरा आवलीजवळ किती वेळ थांबतो, देव आणि ती एकाच चौकटीत आहेत की निरनिराळ्या, हे वहीत उतरवावे आणि मगच आवाज लावावा. परीक्षणांनी गुळगुळीत करून टाकलेले ‘अभिनय सहजसुंदर आहे’ हे वाक्य लिहिण्याची मग गरजच उरत नाही.

इतिहासाची अडचण निराळी. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे १,३०० चित्रपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक आज कमीअधिक शिल्लक आहेत; १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची तर एकही प्रत उपलब्ध नाही. दूरचित्रवाणीचे दुखणे त्याहून अवघड, कारण सुरुवातीचे पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटील चित्रपटांत येण्याआधी, १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. त्या काळच्या बातमीपत्रांवर कोणाला लिहायचे झाले, तर जुनी वर्तमानपत्रे आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांवरच बरीचशी भिस्त ठेवावी लागेल.

चित्रपट हाती नसला तरी त्याच्या प्रदर्शनाचे कागद सापडू शकतात, आणि या कामाला खानदेशाइतका चांगला प्रदेश शोधून मिळणे कठीण. भुसावळ हे रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण मध्य भारत, वऱ्हाड आणि राजस्थान या भागांतल्या वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य ठिकाणही भुसावळच आहे, हे चित्रपटाच्या धंद्याबाहेर फारसे कोणी जाणत नाही. मुंबईच्या निर्मात्यांविषयी ग्रंथच्या ग्रंथ निघाले. रिळे गावोगाव पोचवणाऱ्या वितरकांकडे अभ्यासकांनी, माझ्या मते, अन्याय होईल इतके कमी लक्ष दिले. एखाद्या संशोधकाने हा एकच धागा धरला, तरी पीएच.डी.ला पुरून उरेल इतकी सामग्री निघावी.

दुसरे दप्तर सरकारी. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह विनियमन कायद्याने जिल्ह्यात चित्रपटगृहाला, फिरत्या तंबूलासुद्धा, परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला, आणि वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, तिकिटांवरचा कर करमणूक कर शाखा वसूल करत असे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबूचा माग काढणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या कागदांची चौकशी धुळ्यापासून सुरू करावी.

कागद जिथे संपतात तिथे जुने ऑपरेटर भेटतात. त्यांना ‘आवडता सिनेमा कोणता’ असे विचारले की ठराविक चार नावे मिळतात. त्याऐवजी प्रोजेक्टरच्या आर्क दिव्यातली कार्बनची कांडी एका रिळाला पुरायची का, रिळांची पेटी कोणत्या गाडीने यायची, तिला उशीर झाला तर पब्लिकला काय सांगायचे, असे विचारावे आणि रेकॉर्डर दोन तास तरी चालेल इतका चार्ज करून न्यावा.

नमस्कार.