ओढ्यातलं नायट्रेट वाटेत कुठे जातं?

शेतात युरिया टाकला, पिकाला लागला तेवढा त्यानं घेतला. उरलेल्याचं काय? नायट्रेट होऊन तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो. पण ओढ्यात उतरलेलं सगळं नायट्रेट नदीपर्यंत पोहोचत नाही. थोडं वाटेतच नाहीसं होतं.

किती, हे मोजायला अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचे शास्त्रज्ञ एकत्र आले. पॅट्रिक मुलहॉलंड त्यांचे म्होरके. ओढे निवडले 72. काही रानातले, काही शेतीतले, काही शहरातले.

आता पंचाईत बघा. ओढ्यात नायट्रेट आधीच असतं, मग आपण सोडलेलं ओळखायचं कसं? निसर्गातल्या नायट्रोजनमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी अणू जरा जड असतात, नायट्रोजन-15. किरणोत्सर्गी नाहीत, घाबरू नका. या जड नायट्रोजनचं नायट्रेट त्यांनी 24 तास ओढ्यात सोडलं आणि खालच्या अंगाला पाणी, शेवाळ, गाळ, अगदी पाण्यात विरघळलेला वायूसुद्धा तपासला. मला तर निकालापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते!

खरं काम चालतं तळाशी. वाळू-गोट्यांच्या फटींत पाणी रेंगाळतं, तिथला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. कायमचा हिशेब मिटला. शेवाळही नायट्रेट उचलतं, पण ती उधारी. शेवाळ कुजलं की बरंचसं पाण्यात परत. निम्म्या ओढ्यांत तर उचललेल्या नायट्रेटपैकी जिवाणूंनी वायू केलेला वाटा 16 टक्के किंवा त्याहूनही कमी निघाला.

2008 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात निकाल छापून आला. नायट्रेट वाढलं की ओढा किलोच्या हिशेबात जास्त काढतो, पण आलेल्यातला टक्का घसरतो. उरलेलं पुढे. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीतून असंच वाहून गेलेल्या खतामुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात ऑक्सिजनअभावी मोठा पट्टा ओस पडतो.

म्हणून ओढ्याचं ‘सुशोभीकरण’ करताना तळाला काँक्रीट ओततात, तेव्हा मला राग येतो. फटीच बुजवल्या, आता जिवाणू राहणार कुठे?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतांखाली पाइप टाकलेत. पाणी साचू नये म्हणून ते निचरा करतात, आणि नायट्रेट थेट ओढ्यात नेऊन सोडतात. तिथल्या डे मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून ते काढायला वेगळा प्रकल्प उभारावा लागला. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मग नायट्रेट वाटेतच जिरवायला पाणथळ जागा नेमक्या कुठे कराव्यात यावर काम केलं. नुसतं तळं खणून भागत नाही. बऱ्याच शेतांचे पाइप एकत्र येऊन जिथं सुटतात, तिथंच ते हवं, आणि पाणी त्यात पुरेसं थांबायला हवं.