रॅथकेर्न : शेजारासकट उचललेलं गाव

मंडळी, आयर्लंडमधलं खेडं म्हटलं की आपण पडका मठ आणि हजार वर्षांचा इतिहास शोधायला लागतो. आज ज्या गावाबद्दल बोलायचंय ते १९३५ साली वसवलेलं आहे. डब्लिनच्या वायव्येला मीद काउंटीत अॅथबॉय नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या जवळचं हे रॅथकेर्न.

मीदची जमीन म्हणजे कसदार कुरणं. मोठ्या जमीनदारांची गुरं तिथं चरायची. याउलट पश्चिम किनाऱ्यावरचा कॉनेमारा भाग म्हणजे नुसता खडक. तिथं दगड वेचून बांध घालायचे, समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणायचं, ते खत म्हणून टाकायचं, तेव्हा कुठं बटाटा हाती लागायचा. पण आयरिश भाषा टिकली होती ती याच दरिद्री किनाऱ्यावर. सुपीक मीदमध्ये ती केव्हाच मागे पडून इंग्रजी आली होती.

कॉनेमाराच्या लोकांनी मागणी केली की आम्हाला पूर्वेकडची जमीन द्या, आणि आम्ही सगळे एकत्र जाऊ. मार्टीन ओ काइन या चळवळीत पुढे होते. ते शिक्षक होते आणि नंतर आयरिशमधले थोर कादंबरीकार झाले. १९३४ मध्ये काही मंडळी सायकली मारत थेट डब्लिनला गेली आणि तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांच्यासमोर आपलं म्हणणं मांडून आली. दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, आणि १९३४ मधल्या सायकली! अर्ज लिहून गप्प बसणारी ही माणसं नव्हती, म्हणूनच हे गाव उभं राहिलं असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी लँड कमिशननं, म्हणजे जमीनवाटप करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कॉनेमारातली २७ कुटुंबं इथं आणली. प्रत्येकाला घर, सुमारे २२ एकर जमीन, एक डुकरीण, तिची पिल्लं आणि शेतीची अवजारं मिळाली. १९३७ मध्ये आणखी ११ कुटुंबं आली. स्थानिकांना हे रुचलं नाही. मीदमध्येही भूमिहीन होते, आणि आपल्या डोळ्यांदेखत परक्यांना जमीन मिळते हा त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही.

त्याच काळात जवळच बेली गिब हे दुसरं गावही असंच वसवलं गेलं. तिथं मात्र माणसं वेगवेगळ्या काउंट्यांतून आणली होती. प्रत्येकाची बोली वेगळी. एकमेकांशी बोलताना अडायला लागलं की सोयीची म्हणून इंग्रजी यायची, आणि हळूहळू तीच राहिली. रॅथकेर्नमध्ये सगळे एकाच मुलखातले होते. भांडण, सोयरीक, गुरांचा सौदा, सगळं आयरिशमध्येच चालायचं. जमीन आणि सरकारी धोरण दोन्हीकडे सारखंच होतं, फरक होता तो फक्त शेजाराचा. आयरिशच्या सगळ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

गाणंही त्यांच्याबरोबर आलं. शान-नोस या पारंपरिक आयरिश गायकीत साथीला वाद्य नसतं. गाताना कधी कधी जवळ बसलेला श्रोता गायकाचा हात धरतो आणि लयीबरोबर तो हळूहळू फिरवत राहतो. दाराख ओ कहान हे या गायकीतलं मोठं नाव. ते लहानपणी कुटुंबासोबत कॉनेमाराहून रॅथकेर्नला आले आणि पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला राहिले. संगीतकार शॉन ओ रीआडा त्यांना शान-नोसचे सर्वोत्तम गायक मानत.

एवढं होऊनही गेलताख्त, म्हणजे अधिकृत आयरिशभाषक प्रदेश, हा दर्जा मिळायला १९६७ साल उजाडलं. तोही गावकऱ्यांना भांडून घ्यावा लागला. आपणच वसवलेल्या गावाला मान्यता द्यायला सरकारनं तीस वर्षांहून अधिक काळ घ्यावा, याचा मला आजही संताप येतो. पण गाव हात जोडून बसलं नाही. १९७३ मध्ये लोकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पुढची बरीच कामं तिच्यामार्फत केली. आता मुलांना माध्यमिक शिक्षणही गावातच आयरिशमधून मिळतं.