भंगारात न गेलेले डबे

बार्जवरचं, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावरचं, यंत्र डबा काठाकडे ढकलतंय. लाल रंगाचा, 51 फूट लांब. दारं नाहीत, काचा नाहीत, खाली चाकंही नाहीत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत अनेक दशकं माणसं वाहून नेलेला हा डबा आता अटलांटिकच्या तळाशी चाललाय.

याला कचरा फेकणं म्हणू नका. हा दोन सरकारी यंत्रणांमधला व्यवहार आहे.

2001 साली 'रेडबर्ड' जातीचे जुने डबे मोठ्या संख्येने सेवेतून निघत होते. सरळ भंगारात द्यावेत, तर त्यांच्या अंगात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते काढून घेणं फार खर्चिक. ॲस्बेस्टॉस घातक ठरतं ते त्याचे तंतू हवेतून फुप्फुसात गेले की. पाण्याखाली ती भीती नाही.

तिकडे डेलावेअर राज्याच्या मत्स्य विभागाची अडचण निराळीच. त्यांच्या किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ बहुतेक सपाट वाळूचा. शिंपल्यांना चिकटायला खडक नाही, माशांना दडायला कपार नाही. न्यूयॉर्कला नकोसे झालेले डबे त्यांनी आनंदाने मागून घेतले.

खरी मेहनत झाली ती यार्डात. एकेका डब्याखालचे चाकांचे सांगाडे सोडवले, दारं-खिडक्या उतरवल्या, आसनं काढली, तेल आणि ग्रीस वाफेच्या माऱ्याने धुऊन काढलं. या कामाचे फोटो कुणी फारसे काढत नाही. पण तेवढं टाळलं असतं, तर समुद्रात घाण टाकण्याची ती सरकारी पळवाट ठरली असती.

डेलावेअरच्या किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर इनलेट या खाडीमुखापासून सुमारे 16 सागरी मैलांवर, 80 फूट पाण्याखाली, आज रेडबर्ड रीफ आहे, म्हणजे या डब्यांचा कृत्रिम खडक. पत्र्यावर शिंपल्यांचे थर चढलेत. जिथे काच होती, तिथून ब्लॅक सी बास मासे आत-बाहेर करतात. मासेमारीच्या होड्यांची इथे गर्दी असते. पुढे थेट जॉर्जियापर्यंतच्या राज्यांनी डबे घेतले. 2010पर्यंत आकडा अडीच हजारांवर गेला.

सगळेच डबे टिकले नाहीत, हेही सांगायला हवं. रेडबर्ड साध्या पोलादाचे होते. त्यांच्यानंतर आले स्टेनलेस स्टीलचे डबे. गंजणार नाहीत, म्हणजे जास्त टिकतील, असा अंदाज होता. न्यू जर्सीच्या समुद्रात ते काही महिन्यांतच कोसळले. पाहणीत हे दिसताच राज्याने पुढचे डबे घेणं थांबवलं. फुकट मिळत होते, तरीही.