चार चकत्यांचं कुलूप

नमस्कार श्रोतेहो. सुदामानगरातल्या एका ताईंनी पत्रातून विचारलंय, "ही सृष्टी, हा जीव, सगळं नुसत्या योगायोगानं झालं, हे मनाला पटतं का हो?" ताई, मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दर वर्षी एखादं मूल हा प्रश्न विचारायचंच. मी त्यांना कुलपाची गोष्ट सांगायचे. आज तुम्हालाही तीच सांगते.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी बाबा गेले. रामबागेतलं आमचं जुनं घर. माळ्यावर बाबांची लोखंडी ट्रंक, आणि कडीला पितळी कुलूप. किल्लीचं नाही, आकड्यांचं. चार चकत्या, प्रत्येकीवर शून्य ते नऊ. नंबर एकट्या बाबांना ठाऊक. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही गं."

मी हट्टी. तेरावं उरकल्यावर एका रात्री जेवणं आटोपून कुलूप मांडीवर घेऊन बसले. शून्य शून्य शून्य शून्य. ओढलं, नाही. शून्य शून्य शून्य एक. ओढलं, नाही. एका नंबराला पाच सेकंद धरा. चार चकत्यांचे नंबर होतात दहा हजार. लक्षात ठेवा, दहा हजार. म्हणजे न थांबता जवळजवळ चौदा तास! रात्री दीडला बोटांना पितळेचा वास, अंगठ्याला फोड, आणि मी कशीबशी एकवीसशेपर्यंत पोचलेली. (आकडे मी मराठीतच मोजत होते बरं का. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना आता एकोणसाठ म्हटलं की 'यानी कितने?' असं विचारावं लागतं. जीव तुटतो माझा. संध्याकाळी दिवा लावल्यावर पाढे म्हणून घ्या हो त्यांच्याकडून, दहाच मिनिटं.)

सकाळी ट्रंक रिक्षात घातली आणि राजवाड्यामागे किल्ल्या बनवणाऱ्या एका चाचांकडे नेली. त्यांनी नंबर विचारलाच नाही. डाव्या हातानं कुलपाची कडी हलकेच ओढून धरली आणि उजव्या अंगठ्यानं पहिली चकती सावकाश फिरवली. मग कुलूप माझ्या हातात दिलं. "देखो बहनजी, यहाँ अटकता है." खरंच! चकती गुळगुळीत फिरत होती, आणि सातावर आली की मधे वाळूचा कण यावा तशी किंचित थबकायची. झिजलेलं कुलूप, बरोबर आकड्याची खूण देत होतं. सात तसाच ठेवला. मग दुसरी चकती: तीन. मग एक. मग सहा. दोन मिनिटांत कुलूप उघडलं. आत आईची जुनी पत्रं, माझं पहिलीचं प्रगतिपुस्तक, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांच्या वळणदार अक्षरात, खडूनं: ७३१६.

आता हिशेब ऐका. चारही आकडे एकदम जुळवायचे तर दहा हजार खटपटी. एकेक चकती जुळवून तशीच ठेवता आली, तर जास्तीत जास्त चाळीस. पुन्हा सांगते: एकदम, दहा हजार, एकेक, चाळीस. दहा चकत्यांचं कुलूप असतं तर एकदम जुळवायला दीड हजार वर्षांहून जास्त लागली असती, आणि एकेक करून नऊ मिनिटंसुद्धा नाही.

आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल म्हणत, जीव आपोआप जुळणं म्हणजे भंगाराच्या ढिगातून वादळ जावं आणि त्यातून जम्बो विमान तयार व्हावं. हॉयल फार मोठे शास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या पोटात कार्बन बनायचा तर कार्बनच्या अणुकेंद्राला ठरावीक ऊर्जेची एक पातळी असलीच पाहिजे, असं त्यांनी 1953 च्या सुमारास नुसत्या तर्कानं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियात ती प्रयोगात सापडली. पण विमानाच्या दाखल्यात ते सगळ्या चकत्या एकदम फिरवतात. निसर्ग तसं करत नाही. बदल होतो योगायोगानं. पण जो उपयोगी पडतो तो टिकतो, पुढच्या पिढीत जातो. निवड आंधळी नसते. चकती थबकते.

पहिला जीवच नव्हता, तेव्हा कोण थबकत होतं? ताई, खरी गाठ इथे आहे. 1953 मध्येच शिकागोच्या स्टॅन्ली मिलरनं आपला प्रयोग छापला: काचेच्या भांड्यात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, आणि विजेच्या ठिणग्या. आठवड्याभरात त्यात अमिनो आम्लं तयार झाली, आपल्या प्रथिनांच्या विटा. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, तिच्यातही ती मिळाली. विटा दुर्मीळ नाहीत. विटांपासून स्वतःची नक्कल काढणारा रेणू कसा उभा राहिला, ती चकती अजून कुठल्याही प्रयोगशाळेत पूर्ण फिरलेली नाही. फिरली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि कधीच फिरणार नाही म्हणणाऱ्यावरही ठेवू नका.

राहिलं विश्व. ते 1380 कोटी वर्षांचं, आणि त्याचं कुलूप आपण पाहिलं तेच उघडलेलं. किती चकत्या होत्या, दुसरी कुलपं आहेत का, कळायला मार्ग नाही. मग शक्यता मोजायची कशी? तिथे 'योगायोग' हा शब्दच मला अपुरा वाटतो.

पृथ्वी मात्र हाताशी आहे. वय 454 कोटी वर्षं, आणि जवळजवळ 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाच्या खुणा आहेत. एवढं लांब जायला नको. चित्रकूटला जाल तेव्हा मंदाकिनीकाठी जानकीकुंडाच्या परिसरातला दगड जरा वाकून बघा. कांदा आडवा कापल्यासारखे पापुद्रे दिसतील. सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवत बांधलेले, सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचे. बोट फिरवून बघा, एकेक थर हाताला लागतो.

नमस्कार.