नुसता नंबर

(दृश्य: साताऱ्याचा पोवई नाका, सकाळची वर्दळ)

इथं पोवई नाक्यावर एके काळी एसटीडी बूथ होते, काचेची केबिन, आत लाल आकडे पळतायत आणि बोलणाऱ्याचं निम्मं लक्ष त्या आकड्यांवरच. फोन ठेवला की मशीनमधून कर्रकर्र करत चिठ्ठी यायची. नंबर, तारीख, वेळ, किती मिनिटं, किती रुपये. काय बोलणं झालं ते त्यावर नसायचं, तरी कुणाचा मुलगा दुबईला गेलाय आणि कुणाच्या घरातनं रात्री अकराला दवाखान्यात फोन गेला हे बूथवाल्याला बरोबर कळायचं.

अमेरिकेच्या एका कायद्यात नेमकी ही चिठ्ठीच आहे.

फिसा म्हणजे परदेशी हेरगिरीवर नजर ठेवायचा तिकडचा कायदा, १९७८ चा. त्यात १९९८ साली पेन रजिस्टर आणि ट्रॅप अँड ट्रेसची कलमं आली. पहिल्यात तुम्ही कुणाला फोन लावला ते टिपायचं, दुसऱ्यात तुम्हाला कुणाचा आला ते, आणि बोलणं मात्र ऐकायचं नाही. त्यासाठी सरकार एका गुप्त कोर्टात अर्ज करतं, मिळणारी माहिती तपासाच्या कामाची आहे असं लिहून देतं, आणि बोलणं ऐकायला जेवढा सबळ संशय दाखवावा लागतो तेवढा इथं लागतच नाही. ऑर्डर निघाली की ९० दिवस चालते. फोन कंपनीने गिऱ्हाइकाला त्यातलं काही सांगायचं नाही. घाई असेल तर ॲटर्नी जनरल आधी परवानगी देऊन टाकतात, अर्ज सात दिवसांत.

हे इतकं सोपं का, तर १९७९ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की डायल केलेला नंबर तुम्ही आपणहून कंपनीला देता, मग तो खाजगी कसला. मला हे अजिबात पटत नाही, नंबर दिल्याशिवाय फोन लागणार कसा?

माझी मावशी सदर बाजारात राहते, मुलगा न्यू जर्सीला. व्हॉट्सअप तिला जमत नाही म्हणून तो साधाच फोन लावतो, दर रविवारी सकाळी. तिच्यावर कुणाची नजर आहे असं मी म्हणत नाही, पण या कायद्यात जपलंय ते त्यांच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, आणि माहिती त्यांच्याबद्दलची नसेल तर तीच ऑर्डर एक वर्षापर्यंत चालते. मावशी त्या दोन्हींत नाही.

याच कलमाखाली २००४ पासून २०११ पर्यंत ईमेल कुणी कुणाला पाठवला याची माहिती सरसकट गोळा केली गेली. २०१५ च्या कायद्याने असं सरसकट गोळा करायलाच बंदी घातली, आता ठराविक नंबर, खातं किंवा माणूस दाखवावा लागतो.

आपल्याकडं फोन ऐकायचा तर सही गृहसचिवाची लागते, कोर्टाची नाही. ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०.

(क्लोज-अप: मावशीचा मोबाईल)

मावशीला विचारूनच तिचा कॉल लॉग उघडला. रविवार, रविवार, रविवार, सगळे पंधरा-पंधरा मिनिटांचे. मग एका मंगळवारी पहाटे तीनपासून न्यू जर्सीचे चौदा कॉल, एकही दोन मिनिटांच्या वर नाही, आणि साडेनऊला मोती चौकातल्या पेढेवाल्याला एक. त्यानंतरचे रविवार पाऊण-पाऊण तासाचे.