इंटर्न आणि रक्तपेढीची खिडकी

(शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

डीन सर, विभागप्रमुख मंडळी, आणि मागच्या दोन रांगांत मांडीवर एमसीक्यूचं अ‍ॅप उघडून बसलेल्या मित्रांनो! (हशा) असू द्या, असू द्या. निदान हजर तरी आहात. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इंटर्नशिपमध्ये सहकारी आणि मेंटॉर यांच्याशी नातं कसं जोडावं : पाच सूत्रं’ असं छापलंय. सूत्रं पाच आहेत हे मलाही पत्रिका आल्यावरच कळलं. शाल आणि नारळ आधीच हातात पडलाय, तेव्हा पाच तर पाच.

पण त्याआधी एक तक्रार. रक्त काढा, फॉर्म भरा, सँपल लॅबला पोचवा, फिल्म आणा, रक्तपेढीत क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतं का ते पाहायला, पळा. ‘सर, शिकायला काही मिळत नाही, नुसती हमाली.’ हे मी दर बॅचकडून ऐकतो. मग सेटिंग लागतं, म्हणजे न येता हजेरी लागायची सोय होते, आणि इंटर्न जो रीडिंग रूममध्ये शिरतो तो शेवटच्या आठवड्यात लॉगबुक घेऊनच उगवतो. सर विचारतात, कुठल्या युनिटला होतास रे? याला युनिटही आठवत नाही! नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची भीती मला कळत नाही असं नाही. सीट थोड्या, मुलं फार. पण या हमालीबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते ऐकायला आज तुम्ही आयतेच सापडला आहात.

प्राध्यापक राउंडपुरते येतात. रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर, वॉर्डात अडकलेला असतो. सिस्टरला वॉर्ड सोडता येत नाही. लॅब, रक्तपेढी, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, कॅज्युअल्टी, रेकॉर्ड रूम, सगळीकडे पाय लागतात ते इंटर्नचे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला त्याचं काम तुमच्यापेक्षा आणि बहुतेकदा माझ्यापेक्षाही चांगलं येतं. मेंटॉरची यादी नोटीस बोर्डावर लागते, ती लागू द्या. माझे निम्मे मेंटॉर खिडक्यांमागे बसलेले होते.

आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, त्याला आम्ही वकील म्हणायचो. का ते कळेलच. स्त्रीरोगच्या वॉर्डात एका बाईचं सकाळी ऑपरेशन होतं, दोन पिशव्या रक्त तयार ठेवायचं होतं. वकील रात्री सँपल घेऊन रक्तपेढीच्या खिडकीवर गेला. टेक्निशियनने नळी पाहिली, फॉर्म पाहिला आणि दोन्ही परत सरकवलं. नोंदणी क्रमांकातला शेवटचा आकडा जुळत नव्हता. वकील म्हणाला, एक आकडा तर आहे, पेन द्या, इथेच दुरुस्त करतो. ‘खिडकीवर दुरुस्ती चालत नाही, डॉक्टरसाहेब. परत काढून आणा.’ झालं! वकिलाने युक्तिवाद केला, मग रेसिडेंटला उठवलं. रेसिडेंटने फोनवर टेक्निशियनला जे सुनावलं ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. टेक्निशियनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हो सर. परत काढून पाठवा.’

शेवटी आमच्यातली एक मुलगी गेली. फारसं न बोलणारी. तिने खाटेजवळ जाऊन बाईंना नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, रक्त काढलं आणि तिथेच उभं राहून लेबल लिहिलं. नवं सँपल निघालं बी पॉझिटिव्ह. टेक्निशियनने आधीची नळी फेकली नव्हती, तिचाही गट करून ठेवला होता. तो ए! शेजारच्या खाटेवर त्याच नावाची आणि त्याच आडनावाची दुसरी बाई होती. वकिलाने आधी रक्त काढून मग टेबलावर बसून लेबलं लिहिली होती.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे कळायला मलाही वेळ लागला होता. ती पहिली नळी स्वीकारली असती तर क्रॉसमॅचमध्ये काहीच सापडलं नसतं. नळीतलं रक्त ए, पिशवीतलं ए, दोन्ही छान जुळली असती. फक्त ऑपरेशनच्या टेबलावर बाई बी गटाची असती. तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस जाऊही शकतो. तो एक आकडा सोडला तर हे अडवणारं मध्ये काही नव्हतं.

त्यानंतर ती मुलगी जाता-येता त्या खिडकीशी थांबू लागली. टेक्निशियनने तिला आत बोलावून पेशींच्या गुठळ्या कशा पाहायच्या ते दाखवलं, बॉम्बे ब्लड ग्रुप समजावला. तुम्हाला माहीतच असेल, आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला, १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. नेहमीच्या तपासणीत हा माणूस ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्त त्याला चालत नाही, कारण ओ गटाच्या पेशींवर असणारी एच अँटिजेन ही खूण त्याच्या पेशींवर नसतेच, आणि त्याचं शरीर तिला परकी समजतं. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. तिने ते नळीत पाहिलं. मधूनच तो म्हणायचा, ‘मॅडम, पिशवी हवी असेल तर आधी फोन करत जा, मी तयारीला लागतो.’ तिच्या पेशंटचं रक्त कधी रखडलं नाही. आम्ही त्याला वशिला म्हणायचो.

वकील आज मोठा सर्जन आहे, गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे. माझ्या मुद्द्याला याने थोडा धक्का बसतो, पण खोटं कशाला सांगू? (हशा)

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे सूत्राला एक मिनिट.

रेसिडेंटला प्रश्न राउंडमध्ये विचारू नका, तेव्हा त्याच्या डोक्यात अख्खा वॉर्ड असतो. संध्याकाळी तो डिस्चार्ज कार्डं लिहीत बसतो. त्यातली चार तुम्ही ओढून घ्या आणि लिहिता लिहिता विचारा, हेच औषध का दिलं? भरभरून सांगेल. तो चिडका असतो कारण त्याची झोप झालेली नसते, एवढं समजून घ्या. पण कुणी हात उगारला, आईवडिलांवरून बोललं, तर ते समजून घ्यायचं नाही, अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी द्यायचं. ‘आमच्या वेळी आम्ही सहन केलं’ असं मी सांगणार नाही. सहन केलं, त्यात शहाणपणा काही नव्हता.

प्राध्यापकांकडे जाऊन ‘सर, मार्गदर्शन करा’ म्हणू नका. त्याला उत्तर नसतं, माझ्याकडे तर नाहीच. एक पेशंट घेऊन या, त्याच्याबद्दल काय वाचलं ते सांगा आणि कुठे अडलं ते विचारा. शिफारसपत्र हवं असेल तर त्या पोस्टिंगमध्येच मागा, दोन वर्षांनी मला फक्त तुमचा चेहरा आठवेल.

कम्युनिटी मेडिसिनच्या बारा आठवड्यांना सुट्टी समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका ताईंबरोबर लसीकरणाला एकदा तरी पूर्ण दिवस फिरा. कुठल्या घरात बाळंतीण आहे आणि कुठली सासू दार उघडणार नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. आशाताईंचं तसंच. यावर खरं म्हणजे वेगळं बोलायला हवं.

चार झाली की तीन? बरं, शेवटचं, आपापसातलं. ड्यूटी बदलून घ्यायला माझी ना नाही, बहिणीचं लग्न एकदाच असतं. पण बदललीत तर सिस्टर इनचार्जच्या कानावर घाला आणि यादीत नाव खोडून दुसरं लिहा. रात्री दोन वाजता पेशंटचा बीपी पडला की सिस्टर यादीतल्या नंबरलाच फोन लावते, आणि तो माणूस त्या वेळी सांगलीला वरातीत नाचत असतो.